केस पेपर वाचणारी सिस्टर

३० डिसेंबर १९९३ ची सकाळ. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज इस्पितळात एक लहान मुलगा दाखल होता. आधी त्याला नोएडातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये दाखवले होते. तिथे उतार पडला नाही म्हणून आईवडिलांनी २४ तारखेला त्याला इथे आणले. विषमज्वराचे निदान झाले आणि औषधे सुरू झाली. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वॉर्डातल्या नर्सने वडिलांना इंजेक्शन आणायला सांगितले. ते दुकानात गेले, लॅरियागोचे इंजेक्शन विकत घेऊन आले आणि तिच्या हातात दिले. तिने ते शिरेतून दिले. मूल आईच्या मांडीवर होते, तिथेच ते कोसळले. हृदय बंद पडले होते. धावपळ झाली, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्यात आले, पण इस्पितळात स्वयंचलित व्हेंटिलेटर नव्हता. हाताने श्वास देत दिवस काढले आणि शेवटी मुलाला ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमध्ये हलवावे लागले. जीव वाचला, पण मेंदू कायमचा निकामी झाला.

आईवडील राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेले. आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना झालेल्या मनस्तापासाठी ५ लाख रुपये भरपाई दिली. इस्पितळाने अपील केले. २५ मार्च १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. आईवडील हेसुद्धा ग्राहकच आहेत आणि त्यांच्या दुःखाचीही वेगळी भरपाई होऊ शकते, हे त्या निकालाने ठरवून दिले, म्हणून वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात. घरात बसून तो निकाल वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र दुसरीच गोष्ट खुपते. त्या नर्सने डॉक्टरांची लेखी सूचना पाहिली नव्हती आणि तिची नोंदणी कोणत्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नव्हती.

त्या दिवसाचा कागद एखाद्या अनुभवी, नोंदणीकृत नर्सपुढे ठेवला असता, तर तिने कोणते प्रश्न विचारले असते? लॅरियागो म्हणजे क्लोरोक्विन, मलेरियाचे औषध. विषमज्वराच्या मुलाला ते कोणी लिहून दिले? ऑर्डर शीटवर त्याची ओळ आहे का, त्यापुढे सही आणि वेळ आहे का? मुलाचे वजन किती लिहिले आहे आणि त्या हिशेबाने किती मिलिग्रॅम बसते? दिले ते किती मिलिलिटर? शिरेतून एकदम टोचले की सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडले? क्लोरोक्विन शिरेतून घाईने दिले तर हृदय थांबू शकते, हे तिला वॉर्डातच शिकवलेले असते. पाच मिनिटांत तिने पाच प्रश्न काढले असते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठल्या कागदावर सापडेल हेही सांगितले असते.

आपल्याकडे ही पाच मिनिटे मिळत नाहीत, हीच खरी अडचण आहे. इस्पितळाविरुद्ध तक्रार करायची म्हटले की घरचे लोक प्रथम वकिलाकडे जातात. वकिलाला कायदा कळतो, केस पेपर कळत नाहीत. ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’, ‘एनबीएम’ अशी अक्षरे पाहून तो फाईल पुढे सरकवतो आणि म्हणतो, एखाद्या डॉक्टरचे मत आणा. डॉक्टर फाईल चाळतो, मान हलवतो, ‘असं व्हायला नको होतं’ असेही म्हणतो. लिहून द्यायची वेळ आली की मात्र चहा मागवतो. व्यवसायबंधूविरुद्ध लिहायला कोण तयार होणार? तोवर महिने उलटतात, दुःख शिळे होते आणि फाईल कपाटावर जाते.

अमेरिकेत या पेचातून एक वेगळीच वाट निघाली. तिथले वकील वैद्यकीय खटल्यांत नर्सची मदत घेऊ लागले. वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेली नर्स वकिलाच्या कार्यालयात बसते, फाईल वाचते, तारीख आणि वेळेप्रमाणे घटनांची साखळी लावते आणि साध्या भाषेत सांगते की इथे काही आहे किंवा नाही. १९८९ मध्ये अशा नर्सेसची अमेरिकन असोसिएशन ऑफ लीगल नर्स कन्सल्टंट्स ही संघटना स्थापन झाली. आता त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा आणि प्रमाणपत्रही आहे. त्या न्यायालयात डॉक्टरची जागा घेत नाहीत. डॉक्टरला नेमके काय विचारायचे, ते त्या ठरवून देतात.

गंमत अशी की हे काम भारतातही होते, पण अमेरिकेसाठी. परदेशी वकिलांच्या फायली संगणकावरून इकडे येतात आणि इथले डॉक्टर, नर्सेस शेकडो पाने वाचून त्यांचे तारीखवार टिपण तयार करून रातोरात परत पाठवतात. टेक्सासमधल्या रुग्णाचा रक्तदाब किती वाजता उतरला, हे इथली मुलगी शोधून देते. तिच्या शेजारच्या घरातल्या आजोबांच्या फाईलकडे पाहायला मात्र कोणी नसते.

डॉक्टर असताना नर्सच का, असा प्रश्न साहजिकच पडेल. याचे उत्तर वॉर्डात आहे. डॉक्टर राउंडला येतात, दोन ओळी लिहितात आणि जातात. उरलेले तेवीस तास रुग्ण नर्सच्या ताब्यात असतो. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, किती पाणी पोटात गेले, किती लघवी झाली, कोणते औषध किती वाजता दिले, रुग्ण काय म्हणाला, डॉक्टरांना केव्हा कळवले, हे सगळे तीच लिहिते. आपल्या हातात पडते ते डिस्चार्ज कार्ड. ते नंतर बसून, सारांशाने लिहिलेले असते, त्यात सगळे कसे ठीकठाक असते. खरी हकीकत नर्सेस नोट्समध्ये, औषधांच्या तक्त्यात आणि ताप-नाडीच्या आलेखात असते. आणि ती वाचायला ती स्वतः लिहिलेली नर्सच लागते.

अशी नर्स फाईल कशी वाचते, हे समजून घेण्यासारखे आहे. ती पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावते आणि कोणता कागद नाही ते पाहते. शस्त्रक्रिया झाली आहे, मग भूलतज्ज्ञाचा तक्ता कुठे आहे? रक्त चढवले म्हणतात, मग पिशवीचा क्रमांक कुठे आहे? त्यानंतर ती तीन पाळ्या शोधते. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या बदलतात तेव्हा लिहिणारा हात बदलतो, सही बदलते, बहुधा पेनही बदलते. तीन दिवसांच्या नऊ पाळ्या एकाच अक्षरात, एकाच शाईत, न खोडता लिहिलेल्या दिसल्या, तर ती तिथे खूण करते. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना वॉर्डातल्या तक्त्यावर त्याचा ताप नोंदलेला असेल, तर तिथे दुसरी खूण. रात्रभर दर तासाला नाडी हुबेहूब तीच असेल, तरीही खूण. माणसाची नाडी इतकी आज्ञाधारक नसते.

मग ती औषधांच्या दुकानाचे बिल घेते. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण बिल फार बोलके असते. तक्त्यावर इंजेक्शन सहा वेळा दिल्याची नोंद आहे आणि बिलात चारच आहेत. किंवा बिलात महागडे औषध आहे आणि तक्त्यावर त्याचे नावही नाही. यातून लगेच लबाडी सिद्ध होत नाही. वॉर्डात साठा असतो, उरलेले परतही करतात. पण प्रश्न तयार होतो, आणि खटल्याला प्रश्नच लागतात.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ती दोन वेळांमधले अंतर मोजते. रात्री दोन वाजता रक्तदाब उतरल्याची नोंद आहे. डॉक्टरांना कळवल्याची नोंद केव्हाची? डॉक्टर आल्याची केव्हाची? मधल्या वेळात काय केले? कित्येकदा सगळा खटला या मधल्या वेळातच असतो.

याचे मोठे उदाहरण कोलकाता आणि मुंबईशी जोडलेले आहे. अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा साहा १९९८ च्या उन्हाळ्यात कोलकात्याला आल्या होत्या. अंगावर पुरळ उठले. डेपोमेड्रॉल या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या औषधाची ८० मिलिग्रॅमची इंजेक्शने दिवसातून दोनदा घ्यायला सांगण्यात आली. प्रकृती बिघडत गेली. ११ मेला त्यांना तिथल्या एएमआरआय इस्पितळात दाखल केले, १७ मेला विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात आणले आणि २८ मेला त्यांचे निधन झाले. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा स्वतः डॉक्टर. त्यांनी कागदन् कागद गोळा केला आणि पंधरा वर्षे लढा दिला. ७ ऑगस्ट २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला. औषधाच्या मात्रेबरोबरच एएमआरआयमधल्या शुश्रूषेवर आणि रुग्णाच्या नाडी, ताप, रक्तदाबाच्या अपुऱ्या नोंदींवरही न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवले. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी भरपाईचा आकडा ठरला, सुमारे ६ कोटी रुपये आणि वर व्याज. नवरा डॉक्टर नसता तर ती फाईल कोणी वाचली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दिल्लीतलाच आणखी एक खटला पाहा. मे १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री मासिक पाळीच्या त्रासासाठी दक्षिण दिल्लीतल्या दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासणी व्हायची होती. तिने संमतिपत्रावर सही केली. त्यात दुर्बिणीची तपासणी, दुर्बिणीतून करायचे उपचार आणि गरज पडल्यास पोट उघडण्याची शक्यता एवढेच लिहिले होते. ती भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आली, तिने आईची संमती घेतली आणि गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र ठरवले की रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, तेव्हा आईची संमती ही तिची संमती होत नाही. भरपाई फक्त २५ हजार रुपये मिळाली, आणि डॉक्टरांना त्यांची फी मिळणार नाही असे सांगण्यात आले. तेरा वर्षांच्या लढ्यापुढे ही रक्कम काहीच नाही. पण सगळा निकाल एका छापील कागदावरच्या चार शब्दांवर फिरला. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रे भरून घेणाऱ्या नर्सला तो कागद पाहताच विचारावेसे वाटले असते: यावर गर्भाशय काढण्याचा शब्द कुठे आहे?

याला एक मर्यादा आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. डॉक्टरचे निदान चुकले की नाही, दुसरी शस्त्रक्रिया करायला हवी होती का, हे ठरवणे नर्सचे काम नाही. त्यासाठी त्याच शाखेच्या डॉक्टरचे मत लागते. फौजदारी कारवाईसाठी तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून स्वतंत्र वैद्यकीय मताशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असाच दंडक आहे, आणि तो योग्यही आहे. ग्राहक आयोगापुढची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत आणलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. चूक उघड दिसत असेल तर कागदच बोलतात. शुश्रूषेत काय करायला हवे होते आणि काय झाले, याबाबत नोंदणीकृत नर्सचे मत हे तिच्या विषयातल्या जाणकाराचेच मत असते. ते कितपत धरायचे हे आयोग ठरवेल.

आणि फाईल वाचून झाल्यावर ती ‘यात काही नाही’ असेही म्हणते. हे ऐकायला घरचे लोक आलेले नसतात. ‘बाबा रात्री ओरडत होते आणि कोणी फिरकले नाही’ असे मुलगी सांगते. कागदांवरून दिसते की नर्स तीनदा येऊन गेली, डॉक्टर दहा मिनिटांत आले, औषध बरोबर होते, आजारच हाताबाहेर गेला होता. कोणीतरी कागदावर बोट ठेवून हे समजावून सांगितले तर एक खोटा खटला टळतो, एका डॉक्टरची मानहानी टळते. मुलीचे दुःख काही कमी होत नाही, पण बाबांकडे दुर्लक्ष झाले हा सल तरी निघतो. असे समजावून सांगायला इस्पितळाकडे वेळ नसतो. वकिलाला त्यात फारसा रस नसतो.

हे सगळे कागद हातात आले तर! ‘फाईल आमची असते’, ‘वरून परवानगी लागेल’, ‘वकिलाची नोटीस आणा’ ही उत्तरे सर्वांनी ऐकलेली आहेत. ती चुकीची आहेत. केस पेपर गुप्त असल्याची सबब रुग्णापुढे किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांपुढे चालणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात आणि मागणी आल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. सरकारी इस्पितळ असेल तर माहिती अधिकाराचा मार्गही आहे. आणि दिल्लीच्याच नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रुग्णाची काय काळजी घेतली, कोणती औषधे दिली हे इस्पितळालाच चांगले माहीत असते, तेव्हा ते पुढे आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

म्हणून अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि अर्जात नुसते ‘केस पेपर’ असे मोघम न लिहिता नर्सेस नोट्स, औषधांचा तक्ता, ताप-नाडीचा आलेख, पाणी आणि लघवीच्या मापाचा तक्ता, डॉक्टरांची ऑर्डर शीट, शस्त्रक्रिया आणि भूल यांच्या नोंदी, संमतिपत्रे, सगळे नाव घेऊन मागावे. नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातावर ठेवली जाते आणि ‘दिले की!’ म्हणून सांगितले जाते. मिळालेल्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालावा. मजकुरावर काहीही लिहू नये, रेघसुद्धा ओढू नये. बिले जपावीत. आणि घरातल्या कोणीतरी, विसरण्याआधी, आपल्याला आठवते ते तारीख-वेळ घालून वहीत लिहून काढावे. नर्सच्या टिपणाशेजारी ही वही ठेवली की काय जुळते आणि काय जुळत नाही ते कळते.

उशीर करू नये. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला, जिल्हा मंचाचे नाव जिल्हा आयोग झाले, पण तक्रारीची मुदत पूर्वीसारखी दोनच वर्षांची आहे. पुरेसे कारण दाखवले तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जाता येते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही.

आता अशी नर्स शोधायची कुठे? अमेरिकेसारखी पाटी लावून बसलेली व्यक्ती आपल्याकडे सहसा सापडत नाही. पण दिल्लीत आणि महाराष्ट्रातही निवृत्त मेट्रन आहेत, नर्सिंग कॉलेजांत शिकवलेल्या प्राध्यापिका आहेत, नर्सिंगनंतर कायद्याची पदवी घेतलेल्याही आहेत. बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये आणि पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये वैद्यकीय कायद्याचे पदविका अभ्यासक्रम चालतात. नोकरीत असलेल्या नर्सकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. केरळहून येऊन नोएडा किंवा गुडगावच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी मुलगी दुसऱ्या इस्पितळाच्या फाईलवर सही करून देईल कशी? तिची नोकरी जाईल. ती खासगीत सांगेल, लिहून देणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही. मदत घ्यायची तर निवृत्त बाईंची घ्यावी, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडची त्यांची नोंदणी पाहून घ्यावी आणि त्यांना रीतसर मोबदला द्यावा. सिस्टर आहेत, ओळखीच्या आहेत, म्हणून फुकट वाचून देतील असे धरून चालणे आपल्याकडे फार आहे. दोनशे पानांची फाईल वाचायला चार दिवस लागतात आणि डोळे दुखतात.

अशा बाई फाईल उघडतात तेव्हा पुष्कळदा नातेवाइकांना विचारतात, त्या रात्री वॉर्डात किती रुग्ण होते? कोणालाच आठवत नाही. त्यांना ते हवे असते. तीस खाटांना एक नर्स असेल तर दोन ते चारमधली रिकामी ओळ वेगळ्या तऱ्हेने वाचावी लागते, आणि मग त्या ओळीचा जाब ती नोंद न करणाऱ्या मुलीला विचारायचा की तिला तिथे एकटीला ठेवणाऱ्यांना, हेही तक्रारीत कोणाचे नाव घालायचे ते ठरण्याआधी पाहावे लागते.